घरच्या घरी वकील

धुळे, गल्ली नं. ४
१४ जून १९६७

चि. लीलाधर यास,
सुमनअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. तुझ्या मेहुण्यांची कंबर कचेरीत ताठ असते, घरी आल्यावरच धरते, म्हणजे तीही खुशाल.

परवा पहूरचा लोटन बैलबाजाराला इकडे आला होता. चहा पिता पिता त्यानं बातमी दिली, की लीलाभाऊनं कायदा शिकायला घेतला आहे. कुठल्या कॉलेजात, असं यांनी विचारलं. लोटन म्हणाला, केळीच्या बागेत. यांना ठसका लागला तो अजून पुरता गेलेला नाही.

बाबा रे, तुझ्या शिक्षणाचा इतिहास मला पाठ आहे. तू मराठी चौथीत शाळा सोडलीस आणि तेव्हापासून शिकतोच आहेस. हार्मोनियम शिकलास, तेव्हा शेजारच्या लताबाईंची म्हैस पान्हा चोरायला लागली आणि त्यांना ती विकावी लागली. तारे शिकलास, तेव्हा जिनिंगच्या चिमणीवरचा दिवा शुक्र म्हणून अख्ख्या आळीला दाखवलास, आणि वीज गेली तेव्हा ग्रहण लागलं म्हणून सांगितलंस. होमिओपॅथीच्या गोळ्या सुनंदाच्या खोकल्यासाठी आणल्यास. खोकला राहिला, पण बाटलीभर गोळ्या नातवंडांनी साखर म्हणून खाल्ल्या. त्यांना काहीच झालं नाही, त्यावरून औषध किती निर्धोक आहे हे तू आम्हाला पटवून दिलंस.

आता कायदा! तुझ्या वयाची माणसं जपमाळ घेतात. नेमकं काय झालं ते सविस्तर लिही. लोटन म्हणाला की चुडामणशी काही बिनसलं आहे. माहेरची बातमी मला बैलबाजारातून कळावी हे काही बरं नव्हे.

सौ. सुनंदाला आशीर्वाद. तिला म्हणावं धीर धर, हेही जाईल. माझ्यावर माया आहे ती असू दे, त्या मायेला मात्र कलम लावू नकोस.

तुझी,
अक्का

---

पहूर
२ जुलै १९६७

ती. सौ. अक्काच्या सेवेशी,
लीलाधरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. सुनंदानं ते मोठ्यानं वाचलं आणि मग लताबाईंना वाचायला दिलं. मेहुण्यांना सांग, तुम्ही बी. ए. झालात त्या दिवसापासून पुस्तकाला हात लावला नाहीत, कारण तुमचं शिक्षण पुरं झालं. आमचं पुरं झालेलं नाही, त्याला आम्ही काय करणार?

आता प्रकरण सांगतो. आबा आणि उखाकाका वेगळे झाले तेव्हा नाल्याकाठच्या मळ्याचे दोन वाटे पडले. काकांचा वाटा मागे, आपला सडकेकडे. तेव्हापासून काकांची गाडी आपल्या रानातून जाते, हे तुला ठाऊकच आहे. काका गेले, आता त्यांचा चुडामण नेतो. यंदा मला तिथे केळी लावायची आहे. वाट मधोमध राहिली तर बागेचे दोन तुकडे होतात, पाटाचं पाणी पलीकडे जात नाही आणि निम्मं रान पडून राहतं. म्हणून मी काटेरी बोराट्या टाकून वाट बंद केली. चुडामणला आता नाल्यातून फेरा पडतो. नाल्याच्या धोंड्यांतून केळीचे घड हिंदकळत गेले की काळे पडतात, मग व्यापारी हात लावत नाही. त्यानं जळगावच्या कोर्टात माझ्यावर दावा ठोकला.

मी रतिलाल वकिलांकडे गेलो. माणूस भला आहे. त्यांनी माझं ऐकून घेतलं, इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि सही करा म्हणाले. काय लिहिलं असं विचारलं, तर म्हणाले की समजून घ्यायचं काम आमचं, तुमचं काम सहीचं. रान माझं, भांडण माझं, आणि समजायचं मात्र त्यांनी! तिथून निघालो तो जुन्या बाजारातून कायद्याच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर घेऊनच घरी आलो.

आता केळीला पाणी देताना तोंडानं कलमं म्हणतो. दुपारी भाकरी खाऊन झाली की आपला सालदार हिलाल न्यायाधीश होतो आणि मी दोन्ही बाजू मांडतो. निकाल नेहमी चुडामणसारखा लागतो. कारण विचारलं, तर हिलाल म्हणाला की सालभर राबतो, मालकाला हरवायची दुसरी संधी कुठे मिळते.

थट्टा करशील तेवढी कर, पण लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लीलाधर

---

धुळे
२० ऑगस्ट १९६७

चि. लीलाधर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुनंदाचं पत्र आलं. तू स्वयंपाकघराच्या भिंतीवर चुन्यानं कलमं लिहिली आहेस म्हणे. परवा तू भरितात मीठ जास्त पडलं म्हणालास, तेव्हा तिनं जो म्हणतो त्यानं शाबीत करावं असं ऐकवलं आणि ताट पुढे सरकवलं. तुझ्या विद्यार्थ्यांमध्ये तीच हुशार दिसते.

हे म्हणतात, कायदा पुस्तकात नसतो, कचेरीत असतो. मी यांचं फारसं मनावर घेत नाही, तूही घेऊ नकोस. माझी काळजी वेगळी आहे. तू शिकतोस त्याला माझी ना नाही, पण तू प्रत्येक गोष्ट अर्ध्यात सोडतोस. हार्मोनियमवर तुझी दोनच बोटं चालली. आकाशात सप्तर्षींपैकी पाचच तुला सापडले. या खेपेला अर्ध्यात सोडलंस तर निम्मं रान जाईल, ते काही होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखं चघळून संपवता येणार नाही.

चुडामणला मी लहानपणी कडेवर खेळवलं आहे. तरी चुलतभावावर दावा ठोकणाऱ्याची कड मी घेणार नाही. शिकतोच आहेस तर शेवटपर्यंत शीक आणि जिंकून दाखव. मग तुझ्या मेहुण्यांसमोर मला बोलायला तोंड राहील.

आहे ती माया राखून ठेव, निकालानंतर लागेल.

तुझी,
अक्का

---

पहूर
२६ नोव्हेंबर १९६७

ती. सौ. अक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, सापडलं! वहिवाटीचं कलम. दुसऱ्याच्या रानातून एखादा माणूस वीस वर्षं उघडपणे, आपला हक्क समजून, कुणाची परवानगी न घेता, खंड न पडू देता जात राहिला, तर ती वाट कायद्यानं त्याची होते. पण तोच माणूस मालकाच्या परवानगीनं, मालकाच्या मर्जीनं जात असला, तर जन्मभर गेला तरी त्याचा हक्क शून्य. मालकाच्या मनात आलं की वाट बंद. म्हणजे बघ, दांडगाईनं घुसला त्याला हक्क, आणि विचारून पाऊल टाकलं त्याच्या हाती काही नाही. हे वाचण्याच्या नादात पाण्याकडे बघायचं राहिलं आणि अर्धी बाग तुंबली.

शिव्यांचाही मी शोध घेतला. आबा रोज बांधावर उभे राहून काकांना शिव्या देत, ती हरकत धरता येईल का? नाही. नुसती तोंडाची हरकत चालत नाही. गाडी प्रत्यक्ष अडली पाहिजे, आणि वर्षभर अडून राहिली पाहिजे. आबांनी गाडी कधीच अडवली नाही. जन्मभर घसा कोरडा केला, तो कायद्याच्या हिशेबी फुकट गेला.

आता एकच मार्ग उरतो. आबांनी काकांना प्रेमानं परवानगी दिली होती, असं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. त्या वेळचं माणूस तूच उरली आहेस. रतिलाल वकीलही म्हणाले की थोरल्या बहिणीच्या साक्षीला वजन असतं. वकिलांना मी सोडलं आहे, सल्ला तेवढा ठेवून घेतला. दावा मीच चालवणार. आपली बाजू आपण मांडायला सनद लागत नाही, हेही वाचून काढलं.

मार्चमध्ये तारीख आहे. येशील ना? तुझ्या लोभावरच सगळी भिस्त आहे, आणि थोडी पुस्तकावर.

तुझा,
लीलाधर

---

धुळे
१२ डिसेंबर १९६७

चि. लीलाधर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

म्हणजे आबा आणि उखाकाका यांचं एकमेकांवर प्रेम होतं, असं मी सांगायचं. ज्या दोघांना एका पंगतीत बसवायचं म्हटलं की आई आदल्या दिवसापासून देव पाण्यात ठेवायची, ते दोघे! काका बारशाला आले की आबांना शेतावर काम निघायचं. काकांनी पांढरा बैल घेतला, तर आबांनी आपले पांढरे बैल विकून तांबडे घेतले.

पण सांगेन. भावाच्या रानासाठी तेवढं करीन. चाळीस वर्षं सासरी काढली आहेत, नसलेली माया दाखवायचा सराव आहे. परवानगी हा शब्द विसरायचा नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं. हे म्हणाले की कोर्टात खोटं बोलणं गुन्हा आहे. मी म्हटलं, मग घरात काय आहे?

तू फक्त नीट प्रश्न विचार आणि मग गप्प राहा. गप्प राहायचं तेवढं कुठल्या पुस्तकातून शिकून घे.

प्रेम वाढवायला सांगत नाही, साक्षीपुरतं सगळीकडे पुरेल एवढं माझ्यापाशी आहे.

तुझी,
अक्का

---

धुळे
१८ मार्च १९६८

लीलाधर यास,
आशीर्वाद. अनेक नाहीत.

परवा कोर्टात काय झालं ते मी तुला लिहून कळवते, कारण आपण काय केलं हे तुला समजलं आहे असं मला वाटत नाही.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. तू काळा कोट चढवून आला होतास. तो कुणाचा होता देव जाणे, बाह्या कोपरांशीच संपत होत्या. तू विचारलंस की आबांनी उखाकाकांना वाट दिली होती का. मी सांगितलं की हो, आपण होऊन परवानगी दिली होती. तेवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. पण सगळे कान देऊन ऐकत होते, न्यायाधीश मान हलवत होते, मला हुरूप आला. मी सांगितलं की काकांची गाडी आली की आबा स्वतः बैलांना पाणी दाखवत, आणि सणाला पहिली पुरणपोळी त्या गाडीत नेऊन ठेवत. मागच्या बाकावर दोन बायका डोळे टिपत होत्या. खुद्द चुडामणनं टोपी काढून हातात घेतली. त्याचा वकील हरकत घ्यायला अर्धा उठला होता.

आणि तू म्हणालास की साहेब, ही साक्ष खोटी आहे.

न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं की साक्षीदार कुणाचा. तू म्हणालास, माझा. चुडामणचा वकील अर्धा उठलेला तसाच खाली बसला, हरकत कशावर घ्यावी ते त्याला कळेना. मग तू सांगितलंस की ही माझी थोरली बहीण, माझ्या मायेपोटी खोटं बोलते आहे. आमच्या वडिलांनी परवानगी कधी दिली नाही, रोज शिव्या दिल्या, गाडी मात्र एकदाही अडवली नाही, तेव्हा कायद्याप्रमाणे वाट चुडामणची. चुडामणला विचारलं, तर तो बठ्ठं खरं शे, सगळं खरं आहे म्हणून मोकळा झाला. न्यायाधीश मला म्हणाले की बाई, तुमच्या वयाकडे बघून जाऊ देतो. वयाकडे!

धुळ्याला बातमी माझ्याआधी पोचली. कोपऱ्यावरचा दुकानदार मला साखर बरोबर तोलली का ते शपथेवर सांगा म्हणतो. हे जेवताना म्हणतात, आमटी कशी झाली हे तुझ्या साक्षीवर सोडणार नाही. हसायला कुणाला पैसे पडत नाहीत.

पण माझा राग त्याचा नाही. मी खोटं बोलले हे कबूल. तू जे खरं सांगितलंस ते तरी पुरं होतं का? ज्या दिवशी काकांची गाडी आली नाही, त्या दिवशी आबा जेवायला बसत नसत. बांधावर जाऊन वाटेकडे बघत उभे राहायचे. गाडी दिसली की शिव्या सुरू, आणि मग घरी येऊन पोटभर जेवायचे. तू लहान होतास, तुला दिसलं नाही. मला दिसायचं. हे मी कोर्टात कसं सांगणार होते? म्हणून पुरणपोळी सांगितली. आणि तू चारचौघांत मला खोटी ठरवलंस. मी कुणासाठी आले होते रे?

पत्र लिहू नकोस. आशीर्वाद तेवढे परत घेता येत नाहीत, म्हणून राहू देते.

सुमन

---

पहूर
५ एप्रिल १९६८

ती. सौ. अक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे. निकाल लागला. वाट चुडामणची. बोराट्या मी माझ्या हातानं काढल्या, हिलाल न्यायाधीशाच्या थाटात बघत उभा होता. त्या रानात आता ज्वारी टाकीन.

वकिलानं नुसतं अमुक बोला म्हणून सांगितलं असतं, तर मी ऐकत बसलो असतो. संध्याकाळपर्यंत आबा पुरणपोळ्या वाटत होते असं मलाच आठवायला लागलं असतं. पण मला प्रत्येक शब्द काय करतो ते कळत होतं. तू परवानगी म्हणालीस आणि मला चुडामणचे घड नाल्यात काळे पडताना दिसले. अर्धवट शिकलो असतो तर जिंकलो असतो, अक्का. अर्ध्यात सोडू नकोस असं तूच बजावलं होतंस.

हे मला तुला पिंजऱ्यात उभं करायच्या आधी उमगायला हवं होतं. उमगलं ते तू बोलत असताना. तुझा अपमान झाला, तो मी केला, आणि त्याची मला लाज वाटते. आबा जेवत नसत हे मला खरंच ठाऊक नव्हतं. तुझं पत्र वाचून बांधावर जाऊन आलो. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं. अशा माणसासाठी त्यात शब्द नाही.

चुडामण येऊन गेला. आता गळ्यात पडतो की काय असं वाटलं, तर त्यानं त्याच्या मेहुण्याशी चाललेल्या तंट्याची हकिकत सुरू केली आणि माझे वकील व्हाल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खोटं चालणार नाही. तो विचारात पडला, अजून पडलेलाच आहे.

आखाजीचा सण जवळ आला. सगळ्या गावातून मुऱ्हाळी लेकींना सासरहून आणायला निघतील. आबा गेल्यापासून मी तुझ्याकडे कधी मुऱ्हाळी धाडला नाही, तू आपली आपण येतेस, हे सुनंदानं मला परवा चांगलंच सुनावलं. यंदा मी स्वतः मुऱ्हाळी होऊन तुला न्यायला येतो. नाही म्हणू नकोस. लोटनबरोबर कायद्याचं पुस्तक पाठवतो आहे. माझ्यावर दावा ठोकायचा असला तर उपयोगी पडेल.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
लीलाधर

---

धुळे
१७ एप्रिल १९६८

चि. लीलाधर यास,
आशीर्वाद. वि. वि.

लोटन पुस्तक देऊन गेला. फेकून द्यायला उचललं, मग काय फेकते आहे ते बघावं म्हणून उघडलं. भाषांतर करणाऱ्याचा मराठीवर राग असावा, एकेक वाक्य संपता संपत नाही. तरी नेट लावला. काय चाललं आहे असं यांनी विचारलं. अभ्यास म्हटलं, तर यांना पुन्हा ठसका लागला. दोन शब्द अडले म्हणून यांना विचारले, तर म्हणाले उद्या कचेरीत विचारून सांगतो. तोवर मी पुढे गेले.

तुझं ते वहिवाटीचं कलम मी नीट वाचलं आहे. आता ऐक.

आबा गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून दर आखाजीला मी माहेरी येते. आधी आगगाडीनं यायचे, आता एस.टी.नं येते. पिशवी हातात घेऊन, भर दुपारी, अख्ख्या गावादेखत. म्हणजे उघडपणे. कुणाला विचारून येत नाही. तू कधी बोलावलं नाहीस, माणूस धाडला नाहीस, ये म्हणून दोन ओळी खरडल्या नाहीस. दर साली गाडीतून उतरले की दुसऱ्यांच्या लेकी भावांबरोबर जाताना दिसायच्या. मी तिथल्या नळावर तोंड धुवायचे, म्हणजे डोळे लाल का म्हणून कुणी विचारू नये, आणि मग हसत घरी यायचे. आता कळलं की रडायचं काहीच कारण नव्हतं, माझा हक्क पिकत होता. मधे एक साल चुकलं, ते माझ्या लेकीच्या, शालूच्या बाळंतपणामुळे, तू अडवलंस म्हणून नव्हे. तसा खंड धरत नाहीत. पुस्तक माझ्याकडे आहे, नाहीतर तुला पान उघडून दाखवलं असतं.

आणि आता, सगळं पुरं झाल्यावर, तू लाडात येऊन मुऱ्हाळी होतो म्हणतोस! म्हणजे सुमन भावाच्या बोलावण्यानं आली, भावाच्या मर्जीनं आली, असं होणार. उद्या तुझी मर्जी फिरली, तुझ्या मागे तुझ्या पोरांची फिरली, की माझी वाट बंद. मी इतकी कच्ची राहिलेली नाही.

तेव्हा बोलावणं धाडायचं नाही, न्यायला यायचं नाही. आलास तर दारातून परत पाठवीन, चहासुद्धा मिळणार नाही. सुनंदाला सांग, आखाजीच्या आदल्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं उतरते आहे. हे कळवते आहे, विचारत नाही. हिंमत असेल तर वाटेत बोराट्या टाकून बघ.

लोभ असला तर असो, नसला तरी मी येणार.

तुझी थोरली बहीण,
अक्का